गाढवामागची पोरगी

काकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. बाजारात, गल्लीत, पार टपाल आणून देणाऱ्या माणसापर्यंत सगळे त्यांना अंघोळकाका म्हणत. कारण साधं होतं, माणूस कागदांना अंघोळ घालायचा. जुनी चित्रं, नकाशे, लग्नाचे दाखले, कुणाच्या पणजोबांचं प्रशस्तिपत्रक, असं जे काही पिवळं पडलेलं, डागाळलेलं, कुबट वासाचं असेल ते काकांकडे यायचं, पांढऱ्या उथळ ट्रेमधल्या पाण्यात पडायचं आणि चार-आठ दिवसांनी स्वच्छ होऊन काचेमागे जाऊन बसायचं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नसे. कागद आणि पाणी यांचं विळ्या-भोपळ्याएवढं सख्य, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काका मग फक्त हसायचे. आपल्याला येतं ते दुसऱ्याला कळतही नाही, याचा त्यांना भारी आनंद व्हायचा.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत फ्रेमच्या पट्ट्या भिंतीला टेकून उभ्या, एक काउंटर आणि काउंटरमागे काकू. चित्राभोवती जाड पुठ्ठ्याचा कोरा काठ असतो ना, त्याला माउंट म्हणतात. तो तिरका कापायचं काम काकूंचं. पातं कोपऱ्यात थांबायला हवं तिथेच थांबायचं, केसभर पुढे नाही. जिभेच्या बाबतीत मात्र काकू एवढ्या काटेकोर नव्हत्या. मागच्या खोलीत काकांचं राज्य होतं. तिथे मोठी खिडकी, नळ, तीन ट्रे, टिपकागदाचे गठ्ठे, बुटके ब्रश, औषधांच्या बाटल्या आणि कागद सपाट करायचा जुना लोखंडी प्रेस. त्या खोलीत चहाचा कप न्यायला बंदी होती. काकूंनी एकदा नेला होता, त्यावरून दोन दिवस अबोला झाला.

हे काम काकांना त्यांच्या मामांनी शिकवलं. एकोणिसाव्या वर्षी, परीक्षेत दोनदा गटांगळी खाऊन झाल्यावर, आईने त्यांना आपल्या भावाच्या दुकानात आणून उभं केलं. मामा बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांनी भाच्याला दोनच नियम सांगितले. पहिला, छापलेलं असेल ते चित्र, बाकी सगळा मळ. दुसरा, आपण कागदाला जे काही लावू ते पाण्याने निघालं पाहिजे, म्हणजे उद्या आपल्यापेक्षा शहाणा कुणी आला तर त्याला आपली चूक काढता येईल. पहिला नियम काकांनी देवाच्या शब्दासारखा धरला. दुसरा पाळला, पण मनातून त्यांना तो उगाच वाटायचा. आपल्यापेक्षा शहाणा कोण येणार होता?

चाळीस वर्षांत एक कागद बिघडवला नाही, हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. म्हणायला खोटं नव्हतं. तरी काकूंचे कान किटले होते.

भूमितीच्या बाई आल्या त्या एका सोमवारी, सकाळी. पंचाहत्तरीच्या घरातल्या, सडपातळ, ताठ मानेच्या. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातून त्रिकोण शिकलेली, त्यामुळे नाव तेच राहिलं. बाईंबरोबर टॅक्सीवाला होता आणि त्याच्या हातात चादरीत गुंडाळलेल्या सहा फ्रेमा.

"वडिलांनी घेतलेली चित्रं आहेत," बाई म्हणाल्या. "छापखान्यात मुद्रितं तपासायचे ते. कुठल्याशा लिलावात मिळाली. भिंतीला ओल आली आणि एकाला बुरशी धरली. मी भाचीकडे राहायला जातेय कायमची. तिथे सहाच्या सहा लागली पाहिजेत."

काकांनी चादर उलगडली आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. असा माल वर्षातून एकदा येतो. दीड-दोनशे वर्षांपूर्वीची एचिंग होती ती. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघोट्या काढायच्या, आम्लाने त्या खाऊ द्यायच्या, त्यात शाई भरायची आणि ओला कागद दाबून ठसा घ्यायचा, असलं ते जुनं कष्टाचं काम. चितारणाऱ्याने विषय घेतला होता त्याच्याही दीड-दोन हजार वर्षं आधीचा. प्राचीन ग्रीस आणि रोम, आणि तिथल्या देवादिकांचे उत्सव. पहिल्यात चाकं लावलेलं जहाज रस्त्यातून ओढत चाललेलं आणि देवीचं नवं वस्त्र शिडासारखं फडकतंय. दुसऱ्यात माळा घातलेला बैल आणि डोक्यावरून वस्त्र ओढलेला पुरोहित. तिसऱ्यात जवान पोरं चामड्याच्या वाद्या घेऊन धावतायत. चौथ्यात तर गंमतच, वर्षातून एका दिवसाचा उलटा न्याय, गुलाम पंगतीला बसलेले आणि मालक वाढतायत. पाचव्यात एक कुटुंब आपल्या मेलेल्या माणसांच्या थडग्यांपाशी बसून जेवत होतं. आणि सहावं गाढवांचं.

सहावं बाईंनी उचलून हातात धरून ठेवलं होतं. चुलीच्या देवीचा सण. त्या दिवशी गिरणीतल्या गाढवांना सुट्टी. गळ्यात फुलांच्या आणि पावांच्या माळा घालून त्यांना मिरवायचं. बायका अनवाणी देवळाकडे चालल्यात, पुढे चार गाढवं, सगळी अशा थाटात की जन्मात दळण वाहिलं नसेल. उजव्या खालच्या कोपऱ्यातून ओल चढली होती आणि तपकिरी डाग शेवटच्या गाढवाच्या पायांपर्यंत येऊन पोचला होता.

"हे नीट होईल ना?" बाईंनी विचारलं.

"बाई, नव्यासारखं करून देतो."

"नव्यासारखं नको. बुरशी गेली म्हणजे झालं."

हे वाक्य काकांनी ऐकलं. पण गिऱ्हाईक असं बोलतंच, डॉक्टरकडे जाऊन कमी औषध द्या म्हणणाऱ्यांतली गत, असं समजून सोडून दिलं.

त्याच दुपारी त्यांनी गाढवांचं चित्र फ्रेमबाहेर काढलं. रिवाजाप्रमाणे आधी फोनवर फोटो घेतला, मग भिंग लावून इंचाइंचाने तपासलं. आणि शेवटच्या गाढवामागे, डागाच्या काठावर, त्यांना ती पोरगी दिसली. अंगठ्याच्या पेराएवढी. पेनच्या शाईने काढलेली, शाई उतरून विटकरी झालेली. अंगात फ्रॉक, पायात बूट, वेण्या, आणि एक हात वर करून गाढवाच्या माळेतल्या पावाला बोट लावतेय. रोमच्या अनवाणी बायकांच्या घोळक्यात फ्रॉकवाली पोरगी!

काका इतके हसले की काकू पात्यासकट आत आल्या.

"बघ, कुणा कारट्याने हात साफ करून घेतलाय. दोन हजार वर्षांपूर्वी बूट!"

काकूंनी भिंगातून बघितलं. "गोड काढलीय की. ठेवायची असेल त्यांना. विचारून घ्या."

"काय विचारू? डॉक्टर काय पेशंटला विचारतो, यातला कुठला जंतू ठेवू म्हणून?"

"मी आपलं म्हटलं."

"छापलेलं असेल ते चित्र," काका म्हणाले. पुढचं काकूंना पाठ होतं, त्या बाहेर गेल्या.

मंगळवारी कागदाला अंघोळ झाली. छापाची शाई तेलातली, ती पाण्याला दाद देत नाही. पेनची शाई मात्र पाण्यात पडताच सैल झाली. उरलेल्या पुसट रेघा काकांनी बारीक ब्रशने, औषधाचा एकेक थेंब टेकवत काढल्या. दोन तास लागले. बूट गेले, फ्रॉक गेला, वेण्या गेल्या, शेवटी वर केलेला हात गेला. त्या कामाचे ते बाईंना एक पैसाही लावणार नव्हते, आपल्यातर्फे भेट समजा म्हणणार होते. खाली कागद असा स्वच्छ निघाला की तिथे कधी काही होतं हे मामांनाही ओळखता आलं नसतं. डागही गेला. काकांनी कागद टिपकागदात घातला, प्रेस आवळला आणि शीळ घालत हात धुतले.

बुधवारी दुपारी फोन वाजला. काकू पुठ्ठे आणायला गेल्या होत्या, म्हणून काकांनीच उचलला.

"मी बोलतेय," भूमितीच्या बाई म्हणाल्या. "एक सांगायचं राहिलं. खरं तर सांगायला काय हवं, दिसतंच ते, पण मला रात्रभर चैन पडली नाही. गाढवांच्या चित्रात मागे एक पोरगी आहे बघा, फ्रॉक घातलेली. तिला पाणी लावू नका हं. ती मी आहे."

काकांची नजर मागच्या खोलीतल्या प्रेसकडे गेली.

"माझ्या भावाने काढलीय. तो बारा वर्षांचा होता तेव्हा. वडिलांनी त्याला त्यावरून फोडून काढला होता आणि ते चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलं, ते तसंच राहिलं. मग पाच वर्षांनी तो गेला. तीन दिवसांच्या तापाने. त्याच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. एक फोटो आहे, त्यात त्याने मान हलवली, तोंड दिसत नाही. त्याच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडे. आहे ना नीट?"

आणि काका म्हणाले, "आहे, आहे. कोरडी ठणठणीत आहे."

का म्हणाले? चाळीस वर्षं एक कागद न बिघडवलेला माणूस असं कसं बोलला, हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून घरंगळलं, आणि पलीकडून बाईंनी इतका मोठा सुस्कारा सोडला की परत घ्यायला जागाच उरली नाही. "शनिवारी अकराला येते," म्हणून बाईंनी फोन ठेवला. काका फोन हातात धरून उभेच राहिले. स्टूल जवळच होतं, पण ते ओढून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

काकूंना कळायला वेळ लागला नाही. नवरा जेवताना बोलत नाही म्हणजे एक तर कागद नाही तर दात, आणि दात गेल्याच वर्षी काढून झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मी म्हटलं होतं" हे त्यांच्या ओठावर आलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी ते वाक्य कधी गिळलं नव्हतं, त्या दिवशी गिळलं.

"फोन लावा आणि सांगा," त्या म्हणाल्या.

"काय सांगू? भाऊ पुसला म्हणून सांगू?"

"तसंच सांगा."

"म्हातारं माणूस आहे गं. जिवाला लावून घेईल. माझ्याकडे फोटो आहे. मी काढू शकतो तशीच्या तशी. तिला कळणार नाही. तिचं समाधान महत्त्वाचं की माझं खरेपण?"

माणूस स्वतःची कातडी वाचवायला निघाला की त्याला दुसऱ्याचं समाधान फार दिसायला लागतं. काकूंना हे कळत होतं. काकांनाही कळत होतं, म्हणून तर आवाज चढला होता. काकू उठून भांडी घासायला लागल्या.

गुरुवारचा दिवस काकांनी रद्दी कागदांवर पोरी काढण्यात घालवला. फोनवरचा फोटो मोठा करून समोर ठेवला. एवढासा आकार, म्हणता म्हणता होईल असं वाटलं होतं. पण बारा वर्षांच्या पोराची रेघ ती. जिथे घाई आली तिथे सुटलेली, जिथे मजा आली तिथे दाबलेली. काकांचा हात सवयीने सरळ जायचा. त्यांची पोरगी नीटनेटकी यायची, शाळेच्या पुस्तकातल्यासारखी. सोळा-सतरा झाल्या, एकीचाही चेहरा हसला नाही. फोटोतल्या पोरीला तोंड म्हणून एक टिंब होतं, पण ते टिंब पावाकडे बघून हसत होतं हे शपथेवर सांगता आलं असतं. काकांनी डाव्या हाताने काढून पाहिलं. डोळे अर्धे मिटून पाहिलं. संध्याकाळपर्यंत टेबलभर पोरी जमल्या आणि काकांना त्यांच्याकडे बघवेना.

त्यांना रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं छातीत काहीतरी घट्ट आवळून बसलं होतं, आणि त्याला प्रेससारखा उलटा फिरवायचा दांडा नव्हता.

शुक्रवारी जमलं. विटकरी शाई त्यांनी पाण्यात विरघळणाऱ्या रंगांतून जुळवली होती. दुसरा नियम त्या अवस्थेतही मोडवला नाही. शेवटच्या गाढवाच्या पायांपाशी वाकून, श्वास धरून, त्यांनी एकेक रेघ घातली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते इतक्या अक्षरशः कुणी केलं नसेल. एकच अडचण होती. फोटोत पोरीची उजवी वेणी अर्ध्यात संपत होती, कारण तिथून खाली ओलीचा डाग होता. पुढची रेघ डागात बुडालेली. पण काकांचं आयुष्य अशा तुटलेल्या रेघा पुऱ्या करण्यात गेलं होतं. डावी वेणी बघून त्यांनी उजवी तेवढीच खाली आणली आणि टोकाला फितीची गाठ दिली.

काकूंनी माउंट बसवायला चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ बघितलं.

"चांगली झालीय," त्या म्हणाल्या. "जरा जास्तच."

"म्हणजे काय?"

"काही नाही. उद्या सांगून टाका हो. काढलीय ती काढलीय, पण सांगून टाका."

काकांनी ब्रश धुवायला घेतले.

शनिवारी बाई बरोबर अकराला आल्या. शाळेची घंटा त्यांच्या अंगात होती. काकूंनी सहाही फ्रेमा काउंटरवर ओळीने उभ्या केल्या होत्या. बाई एकेक बघत आल्या. जहाज, बैल, वाद्या घेतलेली पोरं. "हे मालक वाढतायत ना, हे आईला फार आवडायचं," असं म्हणाल्या. थडग्यांपाशी जेवणाऱ्या कुटुंबासमोर जरा थांबल्या. काका मागच्या खोलीच्या दारात उभे होते. आत्ता सांगावं, असं त्यांना पाच वेळा वाटलं, प्रत्येक चित्रापाशी एकदा.

सहाव्यापाशी बाईंनी चष्मा काढला. डोळा काचेला टेकेल इतक्या जवळ नेला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाई तशाच वाकून राहिल्या.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

काका दारातून एक पाऊल पुढे आले.

"ही मी नाही. माझी एक वेणी अर्धी होती."

"तिथे डाग होता बाई," काका म्हणाले. "मला वाटलं, वेणी डागाखाली गेलीय."

"वेणी नव्हतीच तिथे." बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काकांकडे वळल्या. वर्गात चुकीची आकृती काढणाऱ्याकडे बघावं तसं बघत होत्या, रागही अजून आला नव्हता. "त्या दिवशी सगळे बाहेर गेले होते आणि मला ताप होता म्हणून घरी ठेवलं होतं. मी चिडून वडिलांच्या कागद कापायच्या कात्रीने एक वेणी कापली. आई संध्याकाळी येऊन दुसरी कापणार होती. भाऊ माझ्या सोबतीला मागे राहिला होता. मी रडत होते, मला कुठेतरी जायचंय म्हणून. त्याने खुर्चीवर चढून चित्र खाली घेतलं, फ्रेम उघडली आणि मला तिथे काढली. म्हणाला, घे, पाठवलं तुला. खा आता पाव. मरेपर्यंत तो मला दीडवेणी म्हणायचा."

बाईंनी पुन्हा चित्राकडे बघितलं.

"तो गेल्यावर तेराव्या दिवशी वडिलांनी ते चित्र भिंतीकडून सरळ केलं. काही बोलले नाहीत. सरळ केलं आणि धूळ पुसली. तुम्ही कधी पुसलंत?"

"मंगळवारी."

"मी फोन केला बुधवारी."

"हो."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा ती नव्हती."

"नव्हती," काका म्हणाले. मग एकदम सगळं बाहेर पडलं. मामांचा नियम, कारट्याची करामत वाटली ते, काकूंनी सांगूनही ऐकलं नाही ते, फोनवर जीभ वळली ते, रद्दीवरच्या सगळ्या पोरी. ते हात जोडून उभे होते. "चूक झाली बाई. चूक पण नाही, मी तुम्हाला फसवत होतो. तुम्ही म्हणाल ते."

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. आता त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या ओरडतील असं काकूंना वाटलं. ओरडल्या असत्या तर काकांना सोसलं असतं.

"पुसा," बाई म्हणाल्या.

"अं?"

"ही जी कोण आहे ती. पुसता येतं ना तुम्हाला? माझ्यासमोर पुसा."

"बाई, राहू दे की," काकू न राहवून बोलल्या. "निदान जागा भरलेली दिसेल."

"मला नको भरलेली. मी रोज सकाळी तिथे बघते हो. उद्यापासून बघताना मला यांचा हात दिसेल. तिथे काही नाही हे मला माहीत असू दे."

काकांनी फ्रेम उघडली. ट्रे लागला नाही, वाटीभर पाणी आणि कापसाचा बोळा पुरला. मामांचा दुसरा नियम चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या कामाला लागला. बोळा एकदा टेकवला आणि दोन्ही वेण्या विरघळल्या. कापूस विटकरी झाला. मग फ्रॉक, मग बूट.

"नीट," बाई म्हणाल्या. "ते पावाला लागलेलं बोट राहिलंय. तेही तुमचंच आहे."

काकांनी ते बोटही काढलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कागदावर पडू नये म्हणून ते मान बाजूला करून काम करत होते. हात मात्र अचूक चालत होता. गाढव तसंच उभं राहिलं, माळ तशीच. मागे कोरा कागद.

शेवटी त्यांनी फोन पुढे केला. "हा आधीचा फोटो. याचा मोठा करून देतो."

बाईंनी बघितलं. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला तशी पोरगी पसरत गेली आणि शेवटी नुसते विटकरी चौकोन राहिले.

"असू दे तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लागेल."

टॅक्सीवाल्याने फ्रेमा नेल्या. काकूंनी चादरीची गाठ मारून दिली. बाई त्यांना "येते" म्हणाल्या. काकांना काही म्हणाल्या नाहीत आणि पुन्हा कधी आल्या नाहीत.

काकांनी चार दिवस मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. शेजारच्या चष्मेवाल्याने थट्टेने विचारलं, "काय काका, पारोसेच का सध्या?" त्यावरही ते हसले नाहीत. पाचव्या दिवशी एक तरुण बाई पणजोबांच्या वापरातला नकाशा घेऊन आली. कुठल्याशा कालव्याचा छापील आराखडा, त्याच्या समासात गंज आणि डाग. एका कोपऱ्यात चांगलं ठळक गोल वर्तुळ उमटलेलं, कप ठेवल्याचं. बघताक्षणी काकांचा हात सवयीने त्या वर्तुळाकडे गेला. हे तर पहिल्या पाण्यात निघेल.

त्यांनी हात मागे घेतला.

"यात तुमचं काय आहे?" त्यांनी विचारलं. "बोट ठेवून दाखवा."

ती गोंधळली. "म्हणजे? तुम्हीच बघा की. तुम्ही जाणकार."

"नाही. तुम्ही दाखवा. मी थांबतो."

तिने नकाशाभर नजर फिरवली, लाजल्यासारखं हसली आणि मग हळूच त्या गोल डागावर बोट ठेवलं.

"हा आजीच्या कपाचा आहे," ती म्हणाली. "पणजोबा कामाला बसले की ती मुद्दाम यावर कप ठेवायची. ते वर बघेपर्यंत उचलायची नाही. घरात सगळे हा डाग दाखवून ती गोष्ट सांगतात."

काकांनी पेन घेतलं आणि पावतीवर लिहिलं, डाग ठेवायचा. अक्षर वाकडं आलं. मग ते स्टुलावर बसले. त्यांच्या हातून पाण्यात गेलेली कपांची वर्तुळं, पेन्सिलच्या रेघा, बोटांचे ठसे, कोपऱ्यातली वेडीवाकडी नावं, सगळी आठवायचा ते प्रयत्न करत होते, आणि एकही आठवत नव्हतं, कारण त्यांनी त्यांच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

"बरं वाटत नाही का यांना?" त्या तरुण बाईने काकूंना विचारलं.

"बसू दे त्यांना जरा," काकू म्हणाल्या, आणि पावती फाडून दिली.